पानाचे माप

आमच्या नारायण पेठेतल्या घरी दसऱ्याला अजून पाटीपूजन होते. पाटीवर सरस्वती काढावयाची, तिच्याजवळ घरातली चारदोन पुस्तके आणि आईची 'हरिविजया'ची पोथी मांडावयाची, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहावयाची, हा आजोबांपासूनचा परिपाठ. गेल्या दसऱ्याला त्या मांडणीत एक नवे दैवत आले. माझी भाची शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यास आली ती आमच्याच घरी राहिली; आता ती संगणकावर वेबची पाने रचण्याचे काम करते. तिने आपला मोबाइल हळूच पोथीशेजारी ठेवला आणि त्यालाही एक फूल वाहिले.

आईने चष्म्यावरून पाहिले. "अगं, हे काय मध्येच?"

"आजी, सुतार करवत ठेवतो, मी हा ठेवला. माझं हत्यार हेच."

आई हसली. मी मात्र त्या दोन वस्तूंकडे पाहत राहिलो. पोथी आडवी, हातभर लांब आणि चार बोटे रुंद. फोन उभा, तळहातात मावणारा. दोन्हींचे काम एकच, अक्षरे वाचकासमोर धरण्याचे. पण एकीचे पान जसेच्या तसे दुसऱ्यात घालू म्हटले तर ते मुळीच मावावयाचे नाही. भाचीलाही नेमके तेच सुचले असावे. ती म्हणाली, "मामा, हिच्यातलं त्याच्यात घालायचं, हेच माझं गेल्या वर्षभराचं भांडण आहे."

हे भांडण तिने आईसाठीच मांडले होते. आई रोज दुपारी हरिविजयाचा थोडा भाग वाची. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, पण डोळ्याच्या पडद्याचा विकार मागे राहिला. बारीक अक्षर दिसेनासे झाले. पोथी रोज फडक्यातून बाहेर निघे, नमस्कार होई आणि ती पुन्हा फडक्यात जाई. कोणीतरी फोनवर पोथीच्या पानांची छायाचित्रे घालून दिली. अक्षर मोठे करावे तर ओळ दोन्ही अंगांनी पडद्याबाहेर जाई. बोटाने पान डावीकडे ओढा, मग उजवीकडे ओढा, तोवर कोणती ओळ चालली होती तेच विसरावयाचे. आई म्हणाली, "ओळीचं शेपूट धरलं की डोकं हातातून सुटतं." आणि तिने फोन बाजूला ठेवला, तो ठेवलाच.

पानाने वाचकाकडे यावे की वाचकाने पानाकडे जावे, हा प्रश्न भाचीच्या पिढीने प्रथम काढला अशी माझी समजूत होती. जुन्या ग्रंथांच्या इतिहासात थोडे शिरल्यावर ती समजूत टिकली नाही.

*

पोथी आडवी का? ती मूळची ताडपत्राची म्हणून. ताडाचे पान लांबट आणि अरुंद, त्यावर लेखकाने लांबच्या लांब ओळी ओढल्या. पुढे कागद आला. कागद कसाही कापता येतो. पण पोथी लिहिणाऱ्याने तो ताडपत्राच्याच घाटाचा कापला. डोळ्याला आणि हाताला तेच वळण होते. पाने सुटी, चौरंगावर ठेवलेली, एकेक वाचून पलीकडे पालथे घालावयाचे, हे सारे तसेच राहिले. नवे साधन आले की काही काळ ते जुन्याचेच रूप घेऊन वावरते, याचा हा पहिला दाखला. असे दाखले पुढे आणखी भेटतील.

परंतु या घाटाच्या आत मजकूर मात्र मोकळा होता, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जुन्या पोथीत शब्द सलग लिहीत. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल नव्हती. पानाची कड आली की लेखक ओळ तोडी, मग शब्द अर्धा राहिला तरी हरकत नसे. ज्याचा कागद रुंद त्याच्या ओळीत अधिक अक्षरे, ज्याचा अरुंद त्याच्या ओळीत कमी. एकाच ज्ञानेश्वरीच्या दोन नकलांत पानांचा मेळ कधी बसत नसे, आणि कोणाचे त्यावाचून अडतही नसे. मूळ ग्रंथ मधोमध ठसठशीत अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात, अशा पोथ्याही असत. त्यांत तर लेखक दर पानाला जागेचा नवा हिशेब करी. मूळ किती आले, टीका किती आली, ते पाहून त्या पानाची विभागणी ठरावयाची.

मग वाचकाने खूण सांगावी कशी? अमुक पान, तमुक ओळ असे म्हणून उपयोग नाही, कारण माझे पान ते तुमचे पान नव्हे. म्हणून आपल्याकडे खूण अध्यायाची आणि ओवीची किंवा श्लोकाची. सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी म्हटली की ती कोणत्याही घरच्या, कोणत्याही मापाच्या पोथीत सापडते. आकड्याची खूण मजकुराला बांधलेली होती. पानाशी तिचे काही देणेघेणे नव्हते.

या व्यवस्थेचे सामर्थ्य पुण्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले, आणि १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस प्रारंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादनाची धुरा घेतली. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला, आणि मूळ संहितेचे काम १९६६ मध्ये सिद्धीस गेले. या कामासाठी बाराशेंहून अधिक पोथ्या तपासल्या गेल्या. त्यांत ताडपत्राच्या होत्या तशा कागदाच्याही. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या होत्या तशा मलयाळम् लिपीतल्याही. कोणत्याही दोन पोथ्यांची पाने जुळत नव्हती. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवून वाचता आल्या, कारण तुलनेचे परिमाण श्लोक हे होते. पाने निराळी असूनही ग्रंथ एकच राहतो, याचा याहून मोठा पुरावा कोठला द्यावा?

*

हे मोकळे पान गोठविले ते छपाईने.

आपल्याकडे छपाईची हौस सर्वांत आधी कोणास झाली, याविषयी एक मनोरंजक हकिकत आहे. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या सहवासात नाना फडणिसांना ग्रंथ छापण्याची कल्पना सुचली आणि गीता छापावी म्हणून त्यांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरविण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. पेशवाईच्या त्या धामधुमीत काम अपुरे राहिले. १८०० मध्ये नाना वारले. पुढे तो तांबट मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला, आणि १८०५ मध्ये मिरजेस गीतेची प्रत छापून निघाली. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणकलेचा जो इतिहास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या प्रकरणाचा मागोवा घेतला आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या मिरजेच्या गीतेत एक विशेष आहे. तिचे सबंध पान तांब्यात कोरलेले. त्यात एक काना हलवू म्हटले तरी हलावयाचा नाही. पानाचे माप ठरले ते कायमचे.

योगायोग असा की, त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपुरास विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापून निघाले, आणि त्यातली देवनागरी अक्षरे सुट्या खिळ्यांची होती. एकेक अक्षराचा खिळा निराळा. जुळवावा, छापावा, सोडवावा आणि पुन्हा दुसऱ्या पानासाठी वापरावा. एकाच वर्षी मराठी मुलखात गोठलेले पान आणि परमुलखात मोकळ्या अक्षराचे पान, अशा दोन वाटा उघडल्या.

आपल्या लोकांच्या मनात प्रथम भरली ती मात्र तिसरीच वाट, शिळाछापाची. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षर दगडावरून जसेच्या तसे उमटते. खिळ्यांची यातायात नाही. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पुस्तकास शिवत नसत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे छापील पोथ्या निघाल्या त्याही आडव्या आणि सुट्या पानांच्या. यंत्र विलायती असले तरी घाट ताडपत्राचाच. आमच्या आईची पोथीही याच कुळातली.

वाचकाला त्याच्या सवयीचे द्यावे, त्याची अढी ओळखून तुपाची शाई करावी, हे गणपत कृष्णाजींना कळले होते. भाचीच्या धंद्यात या विद्येला मोठे इंग्रजी नाव आहे. मुंबईच्या त्या छापखानदाराने ते नाव न ऐकताच ती विद्या साध्य केली होती.

*

सुट्या खिळ्यांची वाट मराठीत राजमार्ग झाली ती जावजी दादाजींमुळे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या वळणदार टाइपाने मराठीच नव्हे, संस्कृत ग्रंथांनाही देशभर एक चेहरा दिला. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, पुढे आर्यभूषण छापखाना निघाला, आणि ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी'चा पहिला अंक बाहेर पडला. पुण्याच्या पेठांतून छापखान्यांचा खडखडाट सुरू झाला तो पुढे शंभर वर्षे थांबला नाही.

या खडखडाटामागे जुळाऱ्याचे कष्ट फार. इंग्रजीची अक्षरे एकामागे एक उभी राहतात आणि ओळ होते. देवनागरीचे तसे नाही. अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; पायाशी उकार आणि ऋकार; पोटात जोडाक्षरे. यासाठी दोन पद्धती होत्या. अखंड पद्धतीत मात्रा-वेलांटीसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे; मग खिळ्यांची संख्या कित्येकशे होई आणि जुळाऱ्यापुढच्या खणांचा पसारा हाताच्या टप्प्याबाहेर जाई. डिग्री पद्धतीत वरखालची चिन्हे सुटी. मग खिळे कमी लागत, पण एक ओळ जुळविण्यास तीन थर रचावे लागत. दिवसभर उभे राहून, मिणमिणत्या दिव्याखाली, उलटे अक्षर वाचीत हे करावयाचे! बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणाक्षरांवर १९७१ मध्ये तीन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो चाळताना वाटते, आपल्या आजोबांनी वाचलेल्या प्रत्येक कादंबरीमागे केवढा हा अदृश्य पसारा होता!

तेव्हा थोरामोठ्यांना प्रश्न पडला. लिपीसाठी यंत्र बदलावे की यंत्रासाठी लिपी? लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळे कमी करण्याचे प्रयोग चालविले, आणि पुढे खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणणारा संच त्यांच्या नावाने ओळखला गेला. १९०५ मध्ये काशीस नागरी प्रचारिणी सभेपुढे त्यांनी हिंदी भाषांच्या समान लिपीविषयी भाषण केले होते. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचविली. इ, उ, ए या अक्षरांचे निराळे खिळे कशाला? 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्याव्यात. जुन्या पुस्तकांत 'अि', 'अु', 'अे' अशी रूपे पाहून आजची मुले बुचकळ्यात पडतात, त्याचा उगम या खटपटीत आहे.

याहून धाडसी प्रस्ताव १९५३ मध्ये लखनौच्या लिपिसुधार परिषदेत आला. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षराच्या मागाहून येते, मग लिहिताना ती आधी का? ती उजवीकडे न्यावी, म्हणजे यंत्राचे काम सोपे होईल. कागदावर हे तर्कशुद्ध होते. डोळ्याला ते रुचले नाही. चार वर्षांत, १९५७ मध्ये, ती वेलांटी पुन्हा आपल्या जुन्या जागी, डावीकडे आली. यंत्राच्या सोयीसाठी वाचकाने किती वाकावे याची सीमा वाचकानेच दाखवून दिली, असे मला या प्रसंगावरून वाटते.

*

संगणक आला आणि हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. पुण्याला या अध्यायात मानाचे स्थान आहे. १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणकासाठी ती प्रसिद्ध झाली. पण सामान्य मराठी माणसाच्या दृष्टीने तिचे दुसरे काम अधिक मोलाचे. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे तंत्र उभारले होते, ते 'जिस्ट' या नावाने पुण्यास वाढले. त्यातला विचार साधा आणि खोल होता. संगणकाने मनात अक्षरांचा उच्चारक्रम साठवावा, आणि पडद्यावर दाखविताना मात्र आपल्या डोळ्याच्या सवयीप्रमाणे मांडावे. वेलांटी मनात मागे, पडद्यावर पुढे! लखनौला जो तंटा सुटला नाही, तो येथे दोन्ही पक्षांना मान देऊन मिटला. १९९१ च्या भारतीय मानकात हा क्रम आला, आणि युनिकोड या जागतिक मानकाने देवनागरीची मांडणी याच घराण्यातून उचलली.

तरी मधली पंधरा-वीस वर्षे अराजकाची गेली. छपाईच्या धंद्यात पुण्याच्याच 'श्रीलिपी'सारख्या संचांनी मोठी सोय केली, पण त्या काळी प्रत्येक संचाचे आकडे निराळे. एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की भलतीच चिन्हे दिसत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले, आणि मराठी वृत्तपत्रे तेथे आली. ती वाचावयाची तर आधी त्यांची अक्षरे आपल्या यंत्रात उतरवून घ्या, असा मामला होता. पाहुण्याने येताना पाटही घरूनच आणावा, तसे! विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचे 'मंगल' हे अक्षरवळण आले, तेव्हा कोठे सर्वसामान्य संगणकावर देवनागरी बिनबोभाट दिसू लागली. जोशी हे कवी आणि अक्षरांचे सुलेखनकार. खिळ्यांच्या परंपरेपासून संगणकापर्यंतचा पूल बांधणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घ्यावयास हवे.

आता वेबच्या पानाकडे येऊ. हे पान जन्मतः पोथीसारखेच मोकळे होते. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगापुढे ठेवले, तेव्हा मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओळी तोडी. परंतु छापील पानाची सवय लागलेल्या रचनाकारांना ते सैल वाटले. त्यांनी पानाला बिंदूंत मोजलेली ठाम रुंदी दिली. आधी आठशे बिंदूंच्या पडद्यासाठी, मग एक हजार चोवीस बिंदूंच्या पडद्यासाठी. ताडपत्राचा घाट कागदाला, तसा कागदाचा घाट काचेला! जॉन ऑलसप या लेखकाने २००० मध्येच बजावले होते की, वेबचे पान लवचिक आहे हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

२००७ मध्ये आयफोन आला आणि तीनशे वीस बिंदूंच्या पडद्यावर नऊशे ऐंशी बिंदूंचे पान आखडून दाखवू लागला. अक्षरे मुंगीएवढी. मग काहींनी फोनसाठी निराळी पाने रचली, म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या सांभाळावयाच्या. २५ मे २०१० रोजी एथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात तोड सुचविली. पान एकच असावे. रकाने बिंदूंत न मोजता प्रमाणात मोजावे. चित्रे आपल्या चौकटीबरोबर लहानमोठी व्हावी. आणि पानाने वाचकाच्या पडद्याला आधी विचारावे, 'तुझी रुंदी किती?' आणि त्याप्रमाणे आपली मांडणी बदलावी. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतले कोट्यवधी लोक वेबला प्रथम भेटले ते फोनवरच. त्यांच्यासाठी ही तोड म्हणजे शोभेची बाब नव्हती. पान वाचता येणे अगर न येणे तिच्यावर ठरत होते.

*

भाचीने आईच्या हरिविजयासाठी जे प्रयोग केले, ते मी रात्री जेवणानंतर पाहत असे. पहिला प्रयोग छायाचित्रांचा. तो फसल्याचे वर सांगितलेच. दुसऱ्यांदा तिने एक अध्याय स्वतः टंकलिखित केला आणि पानाला फोनची रुंदी विचारावयास शिकविले. ओळी पडद्यात मावल्या. पण वरच्या ओळीतल्या उकाराचे पाय खालच्या ओळीतल्या मात्रेच्या डोक्यावर पडू लागले. तिने ज्या नमुन्यावरून रचना केली होती तो इंग्रजी अक्षरांसाठी होता. देवनागरीला डोके आहे आणि पायही आहेत. तिला ओळीओळींत अधिक मोकळीक हवी. शिवाय सारख्याच मापात देवनागरीचे अक्षर इंग्रजीहून बारीक दिसते, कारण मात्रा-उकारांची जागा त्याच मापातून काढावी लागते. डिग्री पद्धतीचा जुळारी तीन थर का रचीत असे, ते तिला त्या रात्री कळले.

मग तिने अक्षरवळणे बदलून पाहिली. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्ता' तिला पसंत पडले. ते मोकळे आणि सर्वांस विनामूल्य आहे. पण जोडाक्षरांमुळे देवनागरीचा संच वजनाने जड. मावळातल्या एका गावी मैत्रिणीच्या घरी तिने पान उघडले तर अक्षरे उमटण्यास इतका वेळ लागला की, घरच्या आजी उठून चहाला लागल्या. तेव्हा तिने संच हलका केला. मैत्रिणीच्या भावाचा जुनाट फोन होता. त्यावर पान उघडले तर काय? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे! त्या फोनला पडद्यावरची मांडणी शिकविलेलीच नव्हती. तो उच्चारक्रमाने अक्षरे ओकीत होता. १९५३ ची लखनौची वेलांटी मावळात पुन्हा अवतरली होती. मी तिला तो इतिहास सांगितला तेव्हा ती खूप हसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "म्हणजे मामा, ज्याच्याकडे साधा फोन, त्यालाच मोडकी मराठी वाचावी लागते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटचा अडसर ओवीचा. आईसाठी अक्षर फार मोठे करावे लागे, आणि ओळ कोठेही तुटे. भाचीने ओवीचा प्रत्येक चरण निराळ्या ओळीवर आणला. पहिल्या तीन चरणांची यमके एकाखाली एक उभी राहिली आणि चौथा आखूड चरण त्यांच्या पायाशी येऊन थांबला. पोथीत सलग वाचताना कानाला कळणारी ही रचना मी तरी डोळ्यांनी प्रथमच पाहिली. मला ते फार सुंदर वाटले.

आईला वाटले नाही. दोन दिवस वाचून ती म्हणाली, "दिसतं छान हो. पण ही पोथी नाही वाटत. माझ्या पोथीत मला ठाऊक असतं, कालियामर्दन डाव्या अंगाला, तेलाचा डाग पडलाय त्याच्यावर. इथं सगळं वाहून जातं. काल वाचलेलं आज कुठे गेलं, सापडत नाही."

भाची हिरमुसली. तक्रार खरी होती. जे पान प्रत्येक पडद्यावर आपले माप बदलते, त्याला कोपरे नाहीत. आणि आपली स्मृती कोपरे धरून राहते. छापील पानाने आपल्याला दिलेली ही देणगी आहे. ती जाताना चुटपुट लागणारच.

तोड अखेर पोथीनेच दिली. मी तिला ओव्यांचे आकडे दाखविले. भाचीने ते आकडे, आजवर शेवटी लहानशा अक्षरात होते ते, ठळक करून डाव्या समासात आणले. आणि जेथे वाचन थांबेल तेथे दुसऱ्या दिवशी पान आपोआप उघडावे अशी व्यवस्था केली. खुणेला तिने एक लहानसे मोरपीस काढले, कारण आईच्या पोथीत खरे मोरपीस असे. पानाची जागा हरवली तरी ओवीची जागा सापडू लागली.

आता दुपारी आई चौरंग मांडते. पोथी फडक्यातून काढून त्यावर ठेवते, नमस्कार करते आणि पोथीवरच फोन टेकवून वाचू लागते. बोटाने पान वर सरकविताना तिची मान किंचित डोलते, पूर्वी डोलत असे तशीच. परवा मी विचारले, "आज कुठवर आलीस?" पूर्वी ती पानाची कड बोटांत धरून जाडी दाखवी. या वेळी तिने फोनकडे न पाहता सांगितले, "अकरावा अध्याय, बेचाळीस."

तेलाचा डाग मात्र त्या पानावर नाही, याची तिला अजून हळहळ आहे. भाची म्हणते, तोही काढून देईन. आई म्हणते, नको. तो डाग तुझ्या पणजीच्या हातून सांडलेल्या दिव्याचा आहे, त्याची नक्कल नको. पाडव्याला आम्ही ती पोथी उघडून त्या पानाला हळदकुंकू लावणार आहोत, आणि मग फराळाला बसणार आहोत.